चार जीबीची थप्पी

सुनयना पाटील बाई ही गोष्ट स्वतःच सांगतात, आणि आधी पोटभर हसून घेतात, म्हणजे मागाहून लाज वाटायची ती जरा कमी वाटते.

सत्त्याण्णव सालचा मे महिना. बाई चालवत त्या कोपरखैरण्याच्या महिला वाचनालयाच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, आणि मिशा तर अशा, जशा काही दोन खारी भांडून एकमेकींकडे पाठ करून बसल्यात. बाईंनी रजिस्टरातून मान वर न काढता फर्मावलं, "आलास का? ते कपाट त्या भिंतीला लाव. सांभाळून, काचेचं आहे."

माणसाने कपाटाला हात लावून अंदाज घेतला. खांद्यावरचा टॉवेल काढला, चौघडी केली, कपाटाचे पुढचे पाय त्यावर टेकवले आणि पाठ जराही न वाकवता अख्खं कपाट लोण्यावरून सुरी फिरावी तसं सरकवत नेलं. मग नळावर हात धुतले, टोपी सारखी केली आणि विचारलं, "आता सांगा बाई, कम्प्युटर कंचा आजारी हाय?"

बाईंच्या हातातलं पेन खाली पडलं. त्या ज्यांची वाट बघत होत्या ते 'फडतरे सर' हेच. बाईंनी मनात टायबिय घातलेला, बॅगवाला कुणीतरी रंगवला होता. पंचवीस वर्षं शाळेत पोरांना शिकवत आल्या की कपड्यावरून माणूस ओळखू नये, आणि स्वतः काय केलं? कपाट हलवून घेतलं!

कृष्णात फडतरे खटाव तालुक्यातला. अठराव्या वर्षी मुंबईला आला आणि कांदा-बटाट्याच्या बाजारात माथाडी झाला. बाजार वाशीला हलला तसा तोही वाशीला हलला. तेरा वर्षं पाठीवर गोणी वाहिल्या. मग एक्क्याण्णवला रचलेल्या गोणींची थप्पी अंगावर कोसळली आणि पाठीचा मणका गेला. डॉक्टर म्हणाले, यापुढे पिशवीभर भाजी उचलायची, त्याहून जास्त नाही. बाजाराने त्याला गेटवर बसवलं, गाड्यांचे नंबर लिहायला. तिथे दोन वर्षांनी कम्प्युटर आला. तो शिकवायला आलेला मुलगा इंग्रजीतून भराभरा बोलून निघून गेला. बाकीच्यांनी हात जोडले. कृष्णात मात्र डिक्शनरी घेऊन कम्प्युटरबरोबर आलेल्या पुस्तकापुढे बसला, ते सहा महिने उठलाच नाही. घरी राहीबाई, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "आवं, सवत आनली असती तर निदान भांडी तरी घासली असती तिनं!"

हळूहळू त्याचं नाव झालं. कंपन्यांनी टाकून दिलेली जुनी मशीनं तो चालती करायचा. शाळांसाठी, मंडळांसाठी, कुणासाठीही. नवं मशीन समोर ठेवलं तर त्याला त्यात काही रस नसायचा. दुसऱ्याशी लग्न ठरलेल्या मुलीकडे बघावं तसा नुसता लांबून बघायचा.

आता बाईंचं दुखणं काय, तर ते असं.

बाई मूळच्या इथल्याच, गावठाणातल्या आगरी. त्यांच्या लहानपणी लग्नात धवलारीण यायची. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिच्या तोंडी. तिने गायल्याशिवाय नवरीला हळद लागत नसे. अशी शेवटची मोठी धवलारीण गोजराबाई. अठ्ठ्याऐंशी साली बाईंनी तिच्या पडवीत बसून, टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन, बावीस कॅसेटी भरून गाणी घेतली. त्यानंतर शाळा, संसार, बदल्या. कॅसेटी कपाटात पडल्या. खाडीचा खारा दमट वारा त्यांना खात बसला. आणि दोन वर्षांमागे गोजराबाईच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ती बोलते ती नुसत्या श्वासाने, सुपात तांदूळ पाखडल्यासारखी.

आणि गोजराबाईच्या नातीचं, अक्षताचं, लग्न ठरलं होतं. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख. म्हातारीचा एकच हट्ट, माझ्या नातीला माझ्याच गाण्यांनी हळद लागली पाहिजे. गाणी शिकून घ्यायला गल्लीतल्या चार बायका तयार होत्या. पण ऐकायची कशावरून? त्या कॅसेटी एकदा वाजल्या की दुसऱ्यांदा वाजतील याचा भरवसा नव्हता.

बाईंच्या भाच्याने सिंगापूरहून हार्ड डिस्क आणून दिली होती. चार पूर्णांक तीन जीबी. तेव्हाच्या मानाने अवाढव्यच. गाणी त्यात भरायची, म्हणजे संपलंच. पण वाचनालयाचा कम्प्युटर तुर्भ्याच्या कुठल्याशा कारखान्याने दान दिलेला, जुना. शेजारच्या गल्लीतल्या कम्प्युटर-दुकानाचा चंद्रशेखर डिस्क लावून गेला, तर मशीनला त्या चार जीबीतली जेमतेम पाचशे एमबी दिसली. बाकीची डिस्क त्याच्या लेखी जगातच नव्हती.

"मॅडम, टेन्शन नका घेऊ," चंद्रशेखर म्हणाला होता. "हे मशीन भंगारात टाका. नवीन घ्या, सगळं दिसेल."

"मशीन नवं घ्यायचं तर वाचनालयाचं छप्पर विकावं लागेल रे बाबा," बाई म्हणाल्या. आणि मग कुणीतरी फडतऱ्यांचं नाव सुचवलं.

तर कृष्णातने मशीनचं झाकण उघडलं. आत हात घालण्याआधी त्याला नमस्कार केला. बाईंना ते बघून हसू आलं, पण कपाटाची आठवण ताजी होती, म्हणून गिळलं.

"का दिसत नाही याला?" त्यांनी विचारलं.

"मोजता येत न्हाई म्हनून." कृष्णातने टेबलावरची पुस्तकं ओढली आणि रचायला लागला. "आमच्या गोडाऊनात गोन शोधायची कशी? अमकी रांग, तमका थर, थरातली इतकावी गोन. हे मशीन तसंच मोजतं. रांगा हजार चोवीस, थर सोळा, थरात त्रेसष्ट गोनी. ज्यानं हे बनिवलं त्येला वाटलं, याच्याहून मोठं गोडाऊन कोन बांधनार? हितं मोजनी संपती. पुढं माल हाय, पर याला तिथं जायाचा पत्ताच सांगता येत न्हाई."

बाई मास्तरीण. चांगलं शिकवलेलं त्यांना लगेच कळतं. "मग त्याला पुढचं मोजायला शिकवा."

"म्हाताऱ्याला शिकवून हुईत न्हाई, बाई. त्येच्या दारात मुकादम बसवायचा."

मुकादम म्हणजे डिस्कच्या खोक्यात आलेला एक छोटा प्रोग्रॅम. तो डिस्कच्या अगदी पहिल्या जागेवर जाऊन बसतो. मशीन सुरू झालं की सगळ्यात आधी हाच उठतो. मग मशीनने आपल्या भाषेत रांग-थर-गोण विचारलं, की हा मनात हिशोब करून डिस्कला सरळ सांगतो, इतक्या लाखावी गोण काढ. डिस्कला रांगा-थर कळत नाहीत, तिच्या प्रत्येक गोणीवर सरळ नंबर आहे. दोघांची भाषा वेगळी, मुकादमाला दोन्ही येतात.

सांगायला सोपं. करायला दोन रविवार गेले. पहिल्या रविवारी डिस्कचा खरा आकार सांगितला तर मशीन तोंड मिटून बसलं, पडदा काळा. कृष्णातने दुपारभर पुस्तिका वाचली, बोट ठेवून, ओठ हलवत. मग म्हणाला, "याला खोटं सांगायला लागनार. डिस्क ल्हान हाय म्हनायचं."

"खोटं?" बाईंची भुवई वर गेली.

"आवं, पोरगी बघायला आल्यावर वय कमी सांगत न्हाई का? तसं. पुढचं मुकादम सांभाळतोय."

दुसऱ्या रविवारी मुकादम बसला. पण जुन्या विंडोजचं आणखी एक दुखणं होतं, एका खोलीत दोन जीबीच्या वर तिला कळत नाही. कृष्णातने डिस्कचे तीन भाग केले. विंडोजला एक लहान खोली, गाण्यांना दोन मोठ्या. आणि सगळं झाल्यावर मशीनच्या कपाळावर चिकटपट्टीने एक कागद लावला: 'फ्लॉपी काढूनच चालू करणे.'

"ते कशाला?"

"फ्लॉपी आत असली तर मशीन फ्लॉपीच्या दारानं आत शिरतंय. त्या दारात मुकादम न्हाई. मग आत सगळा गोंधळ."

त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात बाई आठवड्याला दोनएक कॅसेटी लावायच्या. टेपरेकॉर्डरची वायर मशीनला. एक तास वाजायचं, एक तास भरायचं. मध्ये वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. बऱ्याच कॅसेटी वाजता वाजता तपकिरी भुगा सांडत गेल्या. नऊ नंबरची तर वाजून संपली आणि टचकन तुटली. बाविसावी भरली तेव्हा श्रावण संपत आला होता. त्यातल्या निम्म्या कॅसेटी आता नुसता प्लास्टिकचा डबा होत्या. जे होतं ते डिस्कमध्ये होतं, फक्त डिस्कमध्ये.

नवरात्र आलं. खंडेनवमीला जिथे हत्यार असेल तिथे पूजा. बाजारात गोणी उचलायच्या आकड्यांची नि वजनकाट्याची, घरोघरी शिलाई मशीनची, आणि वाचनालयात कम्प्युटरची. झाडलोट करणाऱ्या सखूबाईंनी मशीन ओल्या फडक्याने पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी बटण दाबलं.

पडदा काळाच राहिला. कोपऱ्यात एक 'ए' आणि लुकलुकणारी रेघ. विंडोज नाही, चित्रं नाहीत. बाईंनी कृष्णातने शिकवलेलं टाइप केलं, गाण्यांच्या खोलीचं नाव. मशीन म्हणालं, अशी खोलीच नाही.

लग्नाला महिना उरला होता. बायका अजून अर्धीच गाणी शिकल्या होत्या. त्यांनी आधी बाजारात गेटवर फोन केला. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "फडतरे गाड्यांत हायत, निरोप देतो," आणि ठेवला. मग त्यांनी चंद्रशेखरला बोलावलं.

चंद्रशेखर आला, खुर्चीत बसला, दोन-चार बटणं दाबली. पडद्यावर नावांच्या जागी वेडीवाकडी चिन्हं आली, जशी मुंग्यांची वरात.

"गेली, मॅडम. डिस्क करप्ट झाली. मी बोललो होतो ना, असले जुगाड टिकत नाहीत."

"गाणी?"

"गाणी विसरा. फॉरमॅट मारू, निदान डिस्क तरी परत वापरता येईल." मुलगा वाईट नव्हता, खरंच मदत करत होता. त्याने हुकूम टाइप केला. मशीनने विचारलं, सगळं पुसलं जाईल, हो की नाही?

"थांब!" बाईंनी झडप घातली आणि अख्खा पंजा कीबोर्डावर ठेवणार, तोच चंद्रशेखर किंचाळला, "मॅडम, हात लावू नका! 'वाय' दाबला गेला तर खलास!"

बाईंचा हात हवेतच राहिला. "मग आधी नाही म्हण. म्हण आधी!"

त्याने 'नाही'चं बटण दाबलं. "पण मॅडम, कशाला वेळ घालवायचा? तो येऊन तरी काय करणार? शेवटी हमालच ना तो."

बाईंचे कान तापले. चंद्रशेखरवर नव्हे हो, स्वतःवर. मे महिन्यात त्यांच्याही डोक्यात हाच शब्द होता, फक्त त्यांनी तो उच्चारला नव्हता. "चंद्रशेखर," त्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "त्यांच्या बाजारात एक रीत आहे. ज्या टोळीने थप्पी लावली, तिला विचारल्याशिवाय दुसऱ्याने गोण काढायची नाही. बस बाजूला."

चंद्रशेखर बसला. शाळा सोडून दहा वर्षं झाली होती, तरी बसला. बाईंनी गेटवर पुन्हा फोन लावला, "सांगा त्यांना, इथे डिस्क पुसायला माणूस बसलाय."

तासाभराने कांद्याच्या टेम्पोतून कृष्णात उतरला. अंगाला कांद्याचा वास, टोपीवर सालपटं. पडद्याकडे त्याने बघितलंच नाही. आधी मशीनच्या तोंडाकडे बघितलं. कुंकू, झेंडू, आणि कपाळ मोकळं.

"हितला कागद?"

"मी काढला," सखूबाई दारातून म्हणाल्या. "कपाळ झाकलं होतं. कुंकू कुठे लावायचं?"

"आनि हिच्या तोंडात काय घातलंसा?"

सखूबाई जरा घुटमळल्या. "ती लाल चकती. ड्रावरात होती, छान दिसत होती. आता नवरात्रात हिची ओटी रिकामी ठेवायची का? ती फट तशीच उघडी! लक्ष्मी ना ती?"

कृष्णातने वाकून बटण दाबलं. खट्‌ करून लाल फ्लॉपी बाहेर आली. त्याने मशीन बंद केलं, दहा आकडे मोजले आणि पुन्हा चालू केलं.

पडद्यावर मुकादमाची ओळ आली. मग विंडोजचे ढग. मग गाण्यांची खोली. बाईंनी पहिलंच नाव दाबलं आणि गोजराबाई गायला लागली, नऊ वर्षांपूर्वीची, खणखणीत, पडवीतल्या कोंबड्यांसकट.

चंद्रशेखर म्हणाला, "आयला!" आणि मग बाईंकडे बघून, "सॉरी."

सखूबाई रडवेल्या झाल्या होत्या. कृष्णात त्यांना काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "वहिनी, पुढल्या बारीला खन-नारळ डोक्यावर ठिवा. वरनं भरलेली ओटी बी पावती तिला."

सगळे पांगल्यावर बाईंच्या लक्षात आलं, कृष्णात खुर्चीत बसूनच आहे आणि टॉवेलने तोंड पुसतोय. पुसतोय, पुन्हा पुसतोय.

"तुम्हीसुद्धा घाबरला होतात?"

"फोनवरच्या गड्यानं सांगितलं, डिस्क पुसायला मानूस बसलाय. टेम्पोत जीव राहीना." त्याने टॉवेलची घडी घातली. "आमच्यावर थप्पी पडली ना, ती अशीच. एका नव्या गड्याला घाई झाली हुती. खालची गोन वढली, इचारलं न्हाई. वर काय रचलंय त्येला कुठं ठावं? वाईट मानूस नव्हता. अजून भेटला की पाया पडतो माझ्या. पर पाठ गेली ती गेली."

बाईंना वाटत होतं, या माणसाने मशीनला नमस्कार केला तो काय भक्तीने नव्हे. आपण नसताना दुसऱ्याने काय रचून ठेवलंय ते आपल्याला माहीत नसतं, म्हणून हात घालण्याआधी तो क्षणभर थांबतो. त्यांनी आयुष्यभर पोरांना 'थांब, विचार कर' म्हणून सांगितलं होतं. थांबायचं कशासाठी, हे मात्र असं कधी सांगता आलं नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात कृष्णातने कुठल्याशा शाळेकडून आणखी एक डिस्क उसनी आणली आणि सगळी गाणी तिच्यातही उतरवली. बाई म्हणाल्या, आता कशाला? तो म्हणाला, "एकाच थप्पीवर जीव टांगू नये."

लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा गोजराबाई वाचनालयात आली. अक्षताने हात धरून आणलं. गाणी शिकलेल्या बायका गोल बसल्या. म्हातारीने डोळे मिटून एकेक गाणं ऐकलं, कुठे मान हलवली, कुठे बोटाने हवेत ठेका दिला. हळदीचं गाणं झालं, पाणी भरायचं झालं, पाठवणीचं लागलं तेव्हा अक्षता उठून बाहेर गेली.

सगळं संपल्यावर गोजराबाई बायकांना त्या श्वासाच्या आवाजात धडे द्यायला लागली. "अशी गाला पायजे. बैठक मारली का उठाची नाय. मी गातना मधी कदी थांबले नाय. चार-चार तास. मधी काय मागाची नाय."

"मागायचा तुमी," कृष्णात मागून म्हणाला.

म्हातारीने वळून बघितलं. "काय मागाची?"

"च्या."

"खोटारडा! मी गातना च्या मागाची?"

"कॅशेट अकरा, दुसरी बाजू. च्या मागितलासा."

"जाऊ द्या हो, कृष्णातराव," बाई मध्ये पडल्या. त्यांनीच मागे सांगितलं होतं, गाण्यांमधलं खोकणं-बोलणं कापून टाका. त्याने मान डोलवली होती आणि काही कापलं नव्हतं. "म्हाताऱ्या आहेत त्या. म्हणू दे."

"म्हाताऱ्या हायत म्हनून थापा चालत्यात व्हय?"

"लाव!" गोजराबाईने काठी आपटली. "लाव तं! दाखव च्या!"

कृष्णातने लावलं. गाणं सुरू झालं. नवरदेवाची बहीण वाट अडवते तिथवर आलं आणि सूर मध्येच तुटला. एक मोठा खाकरा. आणि मग गाण्याचा नव्हे, बोलण्याचा आवाज, जाड, जोरकस, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा:

"ए सुनयना! च्या टाक गो! आन साखर टाकतना हात आखडू नको, मास्तरीन हायस म्हनून!"

बायका खो खो हसल्या. बाईंनी पदर तोंडाला लावला. गोजराबाई मात्र हसली नाही. तिचं तोंड उघडं राहिलं होतं. गाणी तिने मघापासून ऐकली होती, पण गाणं म्हणजे सगळ्यांचं. हा तिचा रोजचा आवाज होता, सुनांना हाका मारायचा, मासळीवालीशी भांडायचा. दोन वर्षांत तो तिने ऐकला नव्हता.

"परत लाव," ती म्हणाली.

कृष्णातने परत लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी तिने ओठ हलवून त्या आवाजाबरोबर स्वतःही म्हटलं, साखरेपर्यंत. डोळे पदराला पुसले, नाक पुसलं आणि काठी सावरून ताठ बसली.

"तो च्या मी पिला नसंल," ती म्हणाली.

"त्ये मला ठावं न्हाई. त्ये कॅशेटीत न्हाई," कृष्णात म्हणाला. "पर मागितला का न्हाई, तेवढं सांगा."

म्हातारीने बायकांकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. कुणीच मदतीला आलं नाही.

"मागितला," ती म्हणाली.

"गातना मधीच?"

"मधीच रं बाबा, मधीच! झाला समाधान?"

"झालं," कृष्णात म्हणाला आणि मिशीवरून हात फिरवला.